चाळीस अल्बम, प्रत्येकी तीन वेळा : रॉक-मेटल ऐकण्याच्या प्रकल्प नोंदी

३ जानेवारी

मागच्या आठवड्यात एका मित्राने विचारलं, "अरे, ब्लॅक सबाथ ऐकायचं तर सुरुवात कुठून करू?" मी लगेच 'पॅरानॉइड' सांगून मोकळा झालो. रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर आठवायला लागलो, हा अल्बम आपण सलग शेवटचा कधी ऐकला? दहा वर्षं तरी झाली असतील. मत अठराव्या वर्षी बनलेलं होतं आणि मी ते अजून तसंच वापरत होतो. ही गोष्ट मनाला लागून राहिली.

म्हणून हा उद्योग. चाळीस अल्बमची यादी केली आहे, बहुतेक १९७० नंतरचे. प्रत्येक अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, क्रम न मोडता, तीन वेळा ऐकायचा. ऐकताना फोन दुसऱ्या खोलीत. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावरच वहीत मत लिहायचं, दहापैकी गुण द्यायचे. सरासरी पाऊण तास धरला तर नव्वद तास होतात. कोणाला असंच काही करायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून नोंदी ठेवतोय. वेळ कुठे फुकट गेला तेही लिहीन.

५ जानेवारी

पहिला मान 'ब्लॅक सबाथ'चा, म्हणजे बँडच्याच नावाच्या अल्बमचा. १३ फेब्रुवारी १९७० ला आलेला, बराचसा एका दिवसात ध्वनिमुद्रित झालेला अल्बम. पाऊस, लांबवर घंटा, आणि मग तीन सुरांची ती रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट. पहिली सहा मिनिटं आजही अंगावर येतात. दुसऱ्या बाजूचं दहा मिनिटांच्या वरचं लांबलचक वादन मात्र मला पेलवत नाही. दोन्ही वेळा माझं लक्ष त्याच जागी उडालं, गिटार एकटी पडते तिथे.

पहिली अडचण इथेच आली. माझ्याकडच्या प्रतीत एक गाणं जास्त निघालं. मूळच्या ब्रिटिश आणि अमेरिकन तबकड्यांवर एकेक गाणं वेगळं होतं, माझ्या प्रतीत दोन्ही होती. त्यामुळे अल्बम जिथे संपायला हवा तिथे संपतच नव्हता. ठरवलं की बँडच्या देशातली मूळ तबकडी प्रमाण मानायची, बोनस गाणी काढून टाकायची. हे आधीच करायला हवं होतं. दोनदा ऐकलेलं पुन्हा ऐकावं लागलं.

११ जानेवारी

'पॅरानॉइड' आणि 'मास्टर ऑफ रिॲलिटी' आलटून पालटून ऐकले. मित्राला दिलेला सल्ला चुकला, असं आता वाटतं.

'पॅरानॉइड'मधली गाणी इतकी ओळखीची आहेत की नवा माणूस ती ऐकताना अल्बम ऐकतच नाही, एकेक ओळखीचा चेहरा भेटल्यासारखा पुढे जातो. १९७१ चा 'मास्टर ऑफ रिॲलिटी' अवघ्या चौतीस मिनिटांचा, पण तो एक अख्खा तुकडा आहे. बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कारखान्यात पत्र्याच्या मशीनखाली गेली होती. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची बोटं नेमकी तीच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली आणि वाजवत राहिला. या अल्बममधल्या काही गाण्यांत त्याने तारा दीड स्वराने सैल केल्या. बोटांवरचा ताण कमी झाला आणि गिटारचा आवाज जमिनीला टेकला. पुढे डूम म्हणून, म्हणजे संथ आणि जड मेटल म्हणून, जे काही आलं ते मला या सैल तारांतूनच आल्यासारखं ऐकू येतं.

अल्बम सुरू होतो तो आयोमीच्या खोकल्याने. एकच ठसका पुन्हा पुन्हा जोडून त्याचा ठेका केलेला आहे आणि त्याच्यावर रिफ पडते. हेडफोनवर ठसका एका कानातून दुसऱ्या कानात फिरताना नीट कळतो. तिसऱ्यांदा ऐकताना मी ही पहिली वीस सेकंदं चार वेळा मागे नेली. नियम मोडला, हे वहीत लिहिलंय.

१९ जानेवारी

आजपर्यंतच्या नऊ अल्बमची मतं रद्द. सत्तावीस वेळा ऐकणं, साधारण अठरा तास, वाया.

झालं असं की द स्टूजेसच्या 'रॉ पॉवर'ची दोन मिक्स जवळ होती, म्हणजे त्याच ध्वनिमुद्रणातले वाद्यांचे आवाज दोन वेगळ्या तऱ्हेने कमी-जास्त करून जुळवलेल्या प्रती. एक १९७३ चं, डेव्हिड बोवीने केलेलं. दुसरं १९९७ चं, गायक इगी पॉपने स्वतः पुन्हा केलेलं. पहिल्या फेरीत १९९७ चं मिक्स सरळ सरळ जिंकलं. गिटार छातीवर आदळत होती. मग शंका आली म्हणून दोन्हींचा आवाज मोजून सारखा केला आणि पुन्हा लावलं. तिसऱ्या गाण्यापर्यंत १९९७ च्या मिक्सने डोकं शिणलं. सगळंच पुढे, मागे कोणीच नाही. बोवीचं मिक्स विचित्रच आहे, ड्रम आणि बेस कुठे तरी भिंतीपलीकडे, पण गिटारची धार त्याच्यात खरी लागते.

म्हणजे मला आवडलं होतं ते मिक्स नव्हतं, नुसता मोठा आवाज होता. सारखंच गाणं थोडं मोठ्याने वाजलं की कानाला ते चांगलं वाटतं. मग आधीच्या नऊ अल्बमचं काय? जुन्या तबकड्यांवरून केलेल्या प्रती हळू, नव्या रीमास्टर प्रती मोठ्या, आणि मी दोघांना एकाच बटणावर ऐकत होतो. ती मतं ठेवायची कशी?

२१ जानेवारी

दुरुस्ती झाली, पण तीही पहिल्या फटक्यात नाही.

प्लेअरमध्ये रिप्लेगेन सुरू केलं. सगळी गाणी आपोआप सारख्या आवाजाला येतात. परवा रात्री 'मास्टर ऑफ रिॲलिटी' लावला, तर मधला दीड मिनिटाचा एकट्या गिटारचा तुकडा त्याच्यानंतरच्या रिफइतकाच मोठा वाजायला लागला. तो तुकडा तिथे ठेवलाय तो श्वास घ्यायला. तो मोठा झाला की पुढच्या गाण्याचा घाव बसतच नाही. कारण सापडायला तासभर गेला. रिप्लेगेन 'ट्रॅक'वर होतं. ते प्रत्येक गाणं वेगवेगळं तोलतं. 'अल्बम'वर ठेवलं की पूर्ण अल्बमला एकच माप लागतं आणि आतला चढउतार शाबूत राहतो.

त्याच वेळी आणखी एक सापडलं. एक गाणं संपता संपता त्यात पुढचं मिसळणारी सोय चालू राहिली होती. ती बंद केली. दोन गाण्यांमधली शांतताही कोणी तरी विचार करून ठेवलेली असते.

२९ जानेवारी

रद्द केलेल्यांतले पाच पुन्हा झाले. दोघांवर थोडक्यात.

'लेड झेपेलिन ४' (१९७१): शेवटचं गाणं बाकी सगळ्यांवर मात करतं. ड्रम हेडली ग्रेंज नावाच्या घरात जिन्याच्या तळाशी मांडले होते आणि माइक वर जिन्यात टांगले होते. ती जागा ऐकू येते. काठी पडते, आणि आवाज वर चढून परत खाली येतो. मधली दोन गाणी मी पुन्हा मुद्दाम लावणार नाही.

एसी/डीसीचा 'बॅक इन ब्लॅक' (१९८०): याच्याबद्दल माझं जुनं मत होतं, "सोपं आहे." ते मी मागे घेतो. फेब्रुवारीत गायक बॉन स्कॉट गेला आणि जुलैत नव्या गायकाबरोबर हा अल्बम बाहेर आला. सुरुवातीला घंटा वाजते आणि गिटारला घाई नाही. गिटारवादक माल्कम यंगचा हात तारेवरून उचलला जातो ती जागा ऐका. दोन ठोक्यांच्या मधे खरोखर काहीच नाही, आणि सगळा जोर त्या मोकळ्या जागेतून येतो. इतकं कमी वाजवून इतकं भरलेलं ऐकवायचं हे सोपं काम नाही.

४ फेब्रुवारी

ऑझी ऑस्बोर्नचा 'डायरी ऑफ अ मॅडमन' (१९८१). तीन वेळा ऐकला, वहीत दीड पान लिहिलं, त्यात ड्रमबद्दल चांगल्या आठ ओळी. मग प्रतीचं वर्ष पाहिलं: २००२. त्या वर्षीच्या आवृत्तीत मूळचे बेस आणि ड्रम काढून दुसऱ्या वादकांकडून नव्याने वाजवून घेतले होते. म्हणजे माझ्या आठ ओळी १९८१ च्या वादनावर नव्हत्याच. बॉब डेझ्ली आणि ली कर्स्लेक यांचं मूळ वादन २०११ च्या आवृत्तीत परत आलं. ती मिळवली, पुन्हा तीन वेळा ऐकली.

फरक? मूळ वादनात बेस हा गिटारशी बोलत असतो, गिटारवादक रँडी ऱ्होड्सच्या वाक्याला वाक्य जोडतो. २००२ च्या प्रतीत तो मला मागून चालल्यासारखा वाटला. शेवटच्या गाण्यात हे सर्वांत जास्त जाणवतं.

मेगाडेथच्या 'रस्ट इन पीस'चंही (१९९०) असंच. २००४ च्या मिक्समध्ये गायनाचे काही भाग नव्याने गायलेले आहेत. या वेळी आधी तपासलं आणि १९९० ची प्रत लावली. वहीत आता नावापुढेच 'आवृत्तीचं वर्ष' असा रकाना आहे. तो भरल्याशिवाय प्ले दाबायचं नाही.

९ फेब्रुवारी

काल रात्री झोपताना कानात बारीक शिटी. सकाळीही होती. पाच दिवस सगळं बंद.

१५ फेब्रुवारी

शिटी तिसऱ्या दिवशी थांबली. डॉक्टरांनी कान तपासले, नुकसान नाही, पण आवाज कमी करा म्हणाले.

बसतो त्या जागी मापक ठेवून पाहिलं. मी ९१ डेसिबलच्या आसपास ऐकत होतो, बसलो की तीन-चार तास. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या जागेसाठी सांगितलेली मर्यादा, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन. बसलो की मी ती ओलांडत होतो. जो हा प्रकल्प करेल त्याने पहिल्या दिवशीच मोजावं. मेटल ऐकायचं तर जोरात, ही समजूत मीही बाळगली होती आणि ती कानाला महाग पडते.

आता ७८. याची किंमत आहेच: आवाज उतरला की कानाला खालचे सूर आधी ऐकू येईनासे होतात, म्हणजे बेस पातळ वाटतो. डूमच्या अल्बमना याचा फटका बसतो. म्हणून त्यांच्यापुरतं तिसऱ्या फेरीत ८४ पर्यंत जायचं, त्या दिवशी दुसरं काही ऐकायचं नाही.

१९ फेब्रुवारी

बुडालेले दिवस भरून काढायला स्लेयरचा 'रेन इन ब्लड' (१९८६) एकाच रात्री तीनदा ऐकला. एकोणतीस मिनिटांचा आहे, म्हटलं दीड तासात उरकेल. तिसऱ्या फेरीला काहीच पोहोचलं नाही. सगळं एकसारखं. वहीत लिहिलं, "वेगाशिवाय काही नाही."

ती ओळ आज खोडली. तीन दिवसांनी ताज्या कानाने ऐकला तर अगदी वेगळा अल्बम. निर्माता रिक रुबिनने आवाजाला घुमारा ठेवलेलाच नाही. प्रत्येक ठोका कोरडा, जवळ, आणि म्हणूनच एवढ्या वेगातही एकेक घाव मोजता येतो. दहा गाणी, एकही सेकंद उधळलेला नाही, आणि शेवटी सगळं कोसळून नुसता पाऊस उरतो. त्या पावसात बसून राहावंसं वाटतं.

नवा नियम: तीन फेऱ्या तीन वेगवेगळ्या दिवशी. काळाचा क्रमही सोडला. सत्तरच्या दशकातले पाच अल्बम ओळीने ऐकले की सहावा त्यांच्यासारखाच वाटायला लागतो.

२७ फेब्रुवारी

मेटॅलिकाच्या दोन अल्बमनी आठवडा खाल्ला.

'मास्टर ऑफ पपेट्स'वर (१९८६) फार लिहीत नाही, तो माझ्यासाठी या यादीचा कळस आहे. आठ गाणी, आणि वाद्यांच्या गाण्यात क्लिफ बर्टनचा बेस ज्या तऱ्हेने गातो ते मी दर वेळी श्वास रोखून ऐकतो. अल्बम मार्चमध्ये आला आणि सप्टेंबरमध्ये स्वीडनमधल्या बस अपघातात तो गेला. चोवीस वर्षांचा होता.

त्याच्यानंतरचा 'अँड जस्टिस फॉर ऑल' (१९८८). इथे नवा वादक जेसन न्यूस्टेड आहे, पण बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. वीस वर्षं मी म्हणत आलो की बेस असता तर हा 'मास्टर'च्या वर गेला असता. म्हणून या वेळी प्रयोग केला. इक्वलायझरवर खालचे सूर उचलले. तीन डेसिबल, मग पाच, मग आठ. दोन संध्याकाळी गेल्या. बेस आला नाही. पायाचा ड्रम फुगला, गिटारचा तळ घुमायला लागला, आणि जी कोरडी, करकरीत धार या अल्बमची ओळख आहे तीच गेली. बेस बऱ्याच ठिकाणी गिटारच्याच वाटेने चालतो, दोघांची जागा एक, त्यामुळे बाहेरून एकाला उचलायला गेलं की दुसराही उचलला जातो. मिक्समध्ये जे दाबलंय ते घरी बसून वर काढता येत नाही. हा प्रयोग कोणी करू नये.

इक्वलायझर काढून टाकलं आणि अल्बम आहे तसा तीनदा ऐकला. आता माझं म्हणणं असं: बेस नाही हा दोष आहेच, पण अल्बमला खाली ओढते ती लांबी. सुमारे पासष्ट मिनिटं. जवळजवळ दहा मिनिटांचं शीर्षकगीत सहा मिनिटांत सगळं सांगून मोकळं होतं, मग तेच पुन्हा. याउलट बर्टनने मागे ठेवलेल्या सुरावटींवरून बांधलेलं वाद्यांचं गाणंही तेवढंच लांब आहे, पण त्यातला एक क्षण कमी करा म्हटलं तर मी भांडेन. मधे सगळं थांबतं आणि हळू आवाजात एक गिटार उरते. ज्याची जागा रिकामी आहे त्याच्यासाठीच ती वाजतेय, असं मला वाटतं.

वीस वर्षं मी चुकीच्या गोष्टीची तक्रार करत होतो.

६ मार्च

गुणांचा रकाना बंद. जूडास प्रीस्टच्या 'ब्रिटिश स्टील'ला आठ आणि टूलच्या 'लॅटरलस'लाही आठ, यातून कोणाला काय कळणार? एक हातोडा आहे, दुसरं घड्याळाच्या आतलं काम. गुणांऐवजी आता तीन प्रश्न: लक्ष कुठे उडालं? दुसऱ्या दिवशी आपोआप काय आठवलं? हा अल्बम कोणाला द्यावासा वाटतो? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर मत अजून कच्चं आहे असं धरतो आणि चौथ्यांदा ऐकतो. असं दोनदा झालं.

१६ मार्च

डार्कथ्रोनचा 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर' (१९९४). पहिल्या दिवशी दहा मिनिटांत थांबवला. वाटलं, स्पीकरची तार सैल झालीय. तार बदलली, दुसरी प्रत आणली, तरी तेच. मग कळलं की आवाज असाच आहे. फेनरिझने सगळी वाद्यं एकट्याने, चार ट्रॅकच्या साध्या यंत्रावर मुद्रित केलेली. एक संध्याकाळ तारेच्या पायी गेली.

दुसरी फेरीही निष्फळ. तिसऱ्या फेरीला आवाज ७० वर आणला, दिवा बंद केला. आठ-दहा मिनिटांनी ती सरसर कानाला सवयीची झाली आणि तिच्या मागे रिफ बदलताना दिसायला लागली. एकच सूर सरकतो, एवढाच बदल, पण तेवढ्याने सगळ्याचा रंग फिरतो. मोठ्या आवाजात हे झाकलं जातं. मला हा अल्बम आवडला, आणि तो स्वच्छ मुद्रित केला असता तर आवडला नसता याची खात्री आहे.

२५ मार्च

ओपेथचा 'ब्लॅकवॉटर पार्क' (२००१), निर्मितीत स्टीव्हन विल्सन. गायक मिकाएल ओकरफेल्टचा गुरगुरणारा आवाज ज्यांना सहन होत नाही त्यांना मी आजवर सांगायचो, "होईल सवय." यापुढे सांगणार नाही. आधी तिसरं गाणं ऐका. त्यात गुरगुर नाहीच, फक्त मोकळा गळा आणि साधी गिटार. तो आवाज ओळखीचा झाला की पहिल्या गाण्यात तोच माणूस गुरगुरतो तेव्हा ते वाद्यासारखं ऐकू येतं. पहिलं गाणं शेवटी एकट्या पियानोवर येऊन थांबतं. दहा मिनिटांच्या वादळानंतरचा तो पियानो मला दोन दिवस सोडत नव्हता.

मेटॅलिकाच्या 'डेथ मॅग्नेटिक'वर (२००८) मत देत नाही. आवाज इतका दाबून भरलाय की ड्रम फाटतात, आणि फाटलेलं कितीही हळू वाजवलं तरी फाटलेलंच. गिटार वाजवण्याच्या व्हिडिओ गेममध्ये हीच गाणी कमी दाबलेली होती. ती मिळाली तर पुन्हा बसेन.

२ एप्रिल

बावीस अल्बम पक्के झाले, अठरा बाकी. आतापर्यंत ऐकण्यात साधारण पंचाहत्तर तास, त्यातले निदान पंचवीस चुकांत. चाळीस अल्बम नव्वद तासांत होत नाहीत, दीडशे धरा.

मागच्या महिन्याच्या सुरुवातीला मित्राला कळवलं होतं की 'पॅरानॉइड' राहू दे, 'मास्टर ऑफ रिॲलिटी' लाव, सलग, पहिल्यापासून. काल रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला: "लावलाय. सुरुवातीला कोणी तरी खोकतंय. फाइल खराब आहे का?"

मी लिहिलं, "नाही रे. तो आयोमी आहे. पुढे ऐक."

पुढची चौतीस मिनिटं त्याच्याकडून काही आलं नाही. मग आलं, "परत लावतोय."